डिफरन्शियलचं पिनियन सील बदलताना: नट सैल करण्याआधी काय करायचं आणि नंतर काय

मागच्या ॲक्सलच्या नाकावरून ऑइल ठिबकायला लागलं की बहुतेक जण सील आणतात, नट खोलतात, सील ठोकतात, नट कचकचून आवळतात आणि काम झालं म्हणतात. दोन-तीन महिन्यांत एक तर गळती परत सुरू होते, नाहीतर डिफरन्शियल रडायला लागतं. सील बदलणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. चुका होतात त्या सील बदलायच्या आधी आणि नंतर, म्हणून हा लेख त्यांच्यावर जास्त वेळ घालवतो.

उदाहरणाला मारुती जिप्सी घेतली आहे, कारण ती माझ्याकडे आहे आणि हे काम मी तिच्यावर केलं आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि सलग ॲक्सल असलेल्या इतर जुन्या गाड्यांतही क्रम हाच राहतो. फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. नवख्यांसाठी: डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटून देणारा गोळा. गाडीखालच्या लांब शाफ्टची ताकद आत नेणारा दातांचा लहान दांडा म्हणजे पिनियन, तो ज्या मोठ्या चक्राला फिरवतो ते क्राउन, आणि पिनियनच्या बाहेरच्या टोकावर नटाने बसवलेली, शाफ्टला जोडणारी चकती म्हणजे फ्लँज.

टप्पा १: गळती नक्की कुठून आहे?

डिफरन्शियलच्या पुढच्या बाजूला ऑइल दिसलं म्हणजे पिनियनचंच सील गेलं, असं नाही. ऑइल येण्याच्या निदान चार जागा आहेत: पिनियनचं सील, क्राउन-पिनियनचा पुढचा गोळा जिथे हाउसिंगला बोल्टांनी बसतो तिथलं पॅकिंग, ऑइल भरायचा बूच, आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागच्या टोकाचं सील. या शेवटच्या ठिकाणचं ऑइल धावत्या गाडीत शाफ्टवरून मागे उडतं आणि दोष डिफरन्शियलवर येतो.

सगळा भाग आधी डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, फडक्याने कोरडा करा. मग त्यावर साधी टाल्कम पावडर हलकेच उडवा आणि वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून आणा. ऑइलचा ओघळ पांढऱ्या पावडरीवर नकाशासारखा दिसतो. पिनियनचं सील गळत असेल तर दोन खुणा हमखास सापडतात. फ्लँजच्या मागे सगळीकडून ओलसर कडं असतं, आणि गाडीच्या तळाला, बरोबर फ्लँजच्या वर, ऑइलच्या शिंतोड्यांचा आडवा पट्टा उमटलेला असतो. फिरणारी फ्लँज ऑइल भिरकावते, त्याचा तो पट्टा. पॅकिंगची गळती मात्र नुसती खाली ओघळते, ती वर उडत नाही.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ते ॲक्सल शाफ्टचं सील. ते काम वेगळं आहे आणि त्यात ब्रेक भिजतात, म्हणून ते आधी करा.

टप्पा २: ब्रीदर तपासा. हा टप्पा गाळू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

ॲक्सल चालून तापतो, आतली हवा फुगते. ती बाहेर जायला हाउसिंगच्या वरच्या बाजूला एक छोटा ब्रीदर असतो. काही गाड्यांत तो नुसता टोपीसारखा असतो, काहींत त्याला रबरी नळी लावून ती वर नेलेली असते. तो चिखलाने बुजला की आतला दाब सीलच्या ओठावर, म्हणजे फ्लँजला घासणाऱ्या त्याच्या रबरी कडेवर, येतो आणि ऑइल ओठाखालून बाहेर ढकललं जातं. अशा वेळी नवंकोरं सीलसुद्धा गळतं.

माझ्या जिप्सीचं सील एका गॅरेजात एकाच पावसाळ्यात दोनदा बदललं गेलं. दुसऱ्यांदा गळायला लागल्यावर मी स्वतः खाली शिरलो. ब्रीदरची नळी काढून फुंकली तर हवा जाईना. आत कोकणातली तांबडी माती वाळून विटेसारखी घट्ट झाली होती, जवळजवळ अर्ध्या बोटाएवढी. तारेने ती बाहेर काढली तेव्हा हाउसिंगमधून हवा सुटल्याचा बारीक आवाज आला. पुढचे दोन आठवडे मी सीलला हातही लावला नाही आणि गळती निम्म्याच्याही खाली आली. सील तरीही बदलावं लागलं, कारण इतके दिवस दाब सोसून त्याचा ओठ बाहेर पलटला होता. पण ते तिसरं सील आजवर कोरडं आहे.

ब्रीदर काढा, डिझेलमध्ये बुडवून ठेवा, नंतर फुंकून पाहा. आतला झडपेचा भाग हलत नसेल तर नवा बसवा. नळी असेल तर ती कुठे दबलेली, चिरलेली नाही ना ते पाहा.

तपासा: ऑइल भरायचा बूच गाडी सपाट उभी असताना उघडा. भसाभसा ऑइल बाहेर आलं तर आधी कुणीतरी जास्त भरलं आहे. जास्त भरलेलं ऑइलही सीलवर येतं. पातळी नीट करा आणि आठवडाभर बघा. काही वेळा काम इथेच संपतं.

टप्पा ३: सामान जमवा, मगच खोला

सुटं सामान:

- पिनियन सील. जुन्या सीलच्या तोंडावर आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. गाडी खोलण्यापूर्वी पार्ट नंबरवर घेतलेलं सील नंतर या आकड्यांशी ताडून पाहा. दुकानात सीलचा ओठ बोटाने दाबून बघा. तो मऊ आणि लवचिक हवा. वर्षानुवर्षं खोक्यात पडून कडक झालेलं सील परत करा.
- नवा पिनियन नट. जुना नट पिनियनच्या खाचेत ठोकून लॉक केलेला असतो, तो परत तसाच धरेल याची खात्री नसते.
- गिअर ऑइल, ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. जिप्सीच्या मागच्या ॲक्सलला साधारण दीड लिटर लागतं. दोन लिटर आणून ठेवा. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घसटत फिरतात, त्यांना जीएल-५ चीच ताकद लागते. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ उरलं म्हणून इथे ओतू नका.
- मध्यम ताकदीचं थ्रेड लॉकर, थोडं सीलंट, थोडं ग्रीस, ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल.

हत्यारं: जॅक, दोन भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला लाकडी ठोकळे, रिंग पाने, पिनियन नटाला बसणारा गोटी पाना आणि लांब दांडा, दोन पायांचा पुलर, बारीक छिन्नी, पंच, हातोडी, व्हर्नियर, टॉर्क पाना. शिवाय दोन गोष्टी ज्या बहुतेकांकडे नसतात आणि ज्यांच्यावाचून हे काम अंदाजपंचे होतं:

एक, फ्लँज धरायची पट्टी. अडीच-तीन फुटांची जाड लोखंडी पट्टी घ्या आणि तिला फ्लँजच्या शेजारशेजारच्या दोन भोकांच्या अंतरावर भोकं पाडून घ्या. मधे गोटी पाना जाईल एवढी जागा सुटली पाहिजे. कोणताही फॅब्रिकेशनवाला हे अर्ध्या तासात करून देतो.

दोन, ताणकाटा. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा चालतो. सोबत दोन मीटर मजबूत, न ताणणारी दोरी. याचा उपयोग टप्पा ५ मध्ये येईल.

तपासा: तुमच्या गाडीत दोन पिनियन बेअरिंगांच्या मधे चेपणारा स्पेसर (तो काय करतो ते टप्पा ५ मध्ये) आहे की शिम, म्हणजे पातळ चकत्या, हे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून किंवा जाणत्या मिस्त्रीकडून आधी विचारून घ्या. जिप्सीत चेपणारा स्पेसर आहे. जुन्या जीपला येणाऱ्या स्पायसर-डाना घराण्यातल्या ॲक्सलमध्ये शिम असतात. शिमच्या ॲक्सलमध्ये नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या पूर्ण टॉर्कने आवळायचा असतो, तिथे टप्पा ९ मधली कसरत लागत नाही. चेपणाऱ्या स्पेसरच्या ॲक्सलमध्ये मात्र तसं केलं तर डिफरन्शियल संपलं.

टप्पा ४: गाडी उचला, शाफ्ट सोडवा

सपाट, टणक जमीन हवी. मातीत घोडी खचते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागचा ॲक्सल उचलून ॲक्सलच्या नळ्यांखाली घोड्या द्या, आणि गाडी हाताने जोरात हलवून पाहा. हलली तर पुन्हा लावा.

सावधान: मागचा शाफ्ट सोडल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्याला काही अर्थ उरत नाही. इंजिन आणि मागची चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. जुन्या जीपसारख्या काही गाड्यांत हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच धरतो, म्हणजे शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला. भरवसा फक्त ठोकळ्यांवर आणि घोड्यांवर. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका.

आता ऑइल काढा. आधी भरायचा बूच सैल करा, मग खालचा. उलटं केलं आणि वरचा बूच गंजून बसलेला निघाला, तर रिकामा ॲक्सल घेऊन गाडी जागेवर अडकते.

निघालेलं ऑइल पांढऱ्या थाळीत पाहा. खालच्या बुचाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाची मऊ लापशी सापडेल, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा चमचमते तुकडे असतील तर सील हा प्रश्न नाही, आत काहीतरी तुटतं आहे. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे. ओढ्यात तापलेला ॲक्सल बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. पाणी गेलेल्या ॲक्सलला नवं ऑइल भरल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर तेही एकदा बदलायचं.

शाफ्टची फ्लँज आणि पिनियनची फ्लँज यांच्यावर एकाच रेषेत पंचने खूण करा. खडूने किंवा मार्करने नको, धुताना जाते. ही रेष परत जुळली नाही तर सत्तर-ऐंशीच्या वेगाला गाडी थरथरते आणि माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो. चार बोल्ट काढा, शाफ्ट पुढे सरकवा आणि तारेने चासीला टांगून ठेवा. तो एका जॉइंटवर लोंबकळत सोडला तर जॉइंटचे कप खराब होतात. ज्या गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक थेट गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकतं, तिथे ते टोक बाहेर ओढू नका, नाहीतर तिथूनही ऑइल येईल.

टप्पा ५: नटाला हात लावण्यापूर्वी मोजमाप

या लेखातला हा मुख्य टप्पा. तो का लागतो, हे आधी समजून घ्या.

पिनियन दोन तिरप्या बेअरिंगांवर फिरतो. त्या बेअरिंगांना थोडा दाब देऊन बसवलेलं असतं, म्हणजे पिनियन मागे-पुढे जराही सरकत नाही. हा दाब नट आवळून येतो. दोन बेअरिंगांच्या मधे पातळ लोखंडी नळी असते, हाच चेपणारा स्पेसर. कारखान्यात नट आवळताना तो ठरावीक इतका चेपला जातो आणि त्या जागी दाब बरोबर बसतो. एकदा चेपला की तो परत फुगत नाही. तुम्ही नट पूर्वीपेक्षा पुढे नेलात तर तो आणखी चेपतो आणि बेअरिंगवर दाब वाढतो. आणि जास्त झालं म्हणून नट मागे घेतलात तर स्पेसर तसाच आखूड राहतो, पिनियन सैल पडतो. परतीचा रस्ता नाही. मग पूर्ण गोळा उतरवून नवा स्पेसर घालावा लागतो.

म्हणून नट सैल करण्याआधी तो कुठे होता आणि पिनियन किती जड फिरत होता, याची नोंद हवी.

आधी ढिलेपणा पाहा. फ्लँज दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा, मग वर-खाली हलवा. जरासुद्धा खटका जाणवला, तर बेअरिंग झिजलं आहे. तिथेच थांबा. हलणाऱ्या पिनियनवर कोणतंही सील टिकत नाही, सीलचे पैसे वाया जातील. अशी गाडी बेअरिंग बदलण्यासाठी डिफरन्शियलचं काम जाणणाऱ्या माणसाकडे न्या. फ्लँज फिरवताना जो थोडासा खेळ मिळतो तो वेगळा, तो दातांमधला असतो आणि असायलाच हवा.

मग पिनियन किती जड फिरतो ते मोजा. मागची चाकं आणि ब्रेकचे ड्रम काढा, म्हणजे ब्रेकची घासण मापात येणार नाही. फ्लँज हाताने दहा-बारा वेळा फिरवा. फ्लँजच्या गोल भागावर दोरीचे पाच-सहा वेढे द्या, टोक ताणकाट्याला अडकवा आणि सावकाश, एकसारखं ओढा. सुरुवातीला काटा उडी मारतो, ती उडी धरू नका. फ्लँज फिरत असताना काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा लिहा. तीनदा करा आणि सरासरी घ्या. त्रिज्या मोजून टॉर्क काढायची गरज नाही, कारण आपल्याला तुलनाच करायची आहे. तीच दोरी, तीच जागा, तोच काटा असला की झालं. ज्यांना टॉर्क हवाच आहे त्यांच्यासाठी: पाच सेंटिमीटर त्रिज्येवर दोन किलोची ओढ म्हणजे साधारण एक न्यूटन-मीटर.

शेवटी खुणा. पिनियनचं टोक, नट आणि फ्लँज या तिन्हींवर एकाच रेषेत बारीक पंच मारा. नटाच्या बाहेर पिनियनचे आटे किती आले आहेत ते व्हर्नियरने मोजा. मोबाइलवर समोरून फोटो काढा.

तपासा: कागदावर आता तीन गोष्टी असल्या पाहिजेत: ताणकाट्याचा आकडा, बाहेर आलेल्या आट्यांची लांबी, खुणांचा फोटो. यातली एक जरी नसेल तर नट खोलू नका.

टप्पा ६: नट आणि फ्लँज काढणे

नटाची कड पिनियनच्या खाचेत दाबलेली असेल. बारीक छिन्नीने ती बाहेर उचला. आटे दुखावू नयेत म्हणून छिन्नी तिरकी धरा. अर्धवट उचलून नट फिरवला तर तो आटे खरवडत येतो.

पट्टी फ्लँजला दोन बोल्टांनी बसवा, दुसरं टोक जमिनीवर टेकू द्या, आणि लांब दांड्याने नट सोडवा. क्राउनच्या दातांत काहीतरी अडकवून किंवा ब्रेक दाबून पिनियन धरायचा प्रयत्न करू नका. नट किती फेऱ्यांत निघाला ते मोजून लिहा.

फ्लँज पुलरने ओढा. तिच्या कडेवर मागून हातोडे मारून ती काढणारे बरेच पाहिले आहेत. त्याने कड वाकते आणि मग शाफ्ट वाकडा फिरतो. खाली थाळी ठेवा, थोडं ऑइल येईलच.

आता फ्लँजचा तो गुळगुळीत गोल भाग पाहा, ज्यावर सीलचा ओठ घासतो. नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडला आहे. नवं सील त्या चरावर बसवलं तर गळती नव्या सीलसकट सुरू राहील, आणि सील बदलूनही गळण्याचं ब्रीदरनंतरचं दुसरं कारण हेच.

हलकी रेघ असेल तर सहाशे नंबरचा पॉलिश पेपर ऑइल लावून गोल दिशेने फिरवा, लांबीच्या दिशेने कधीच नको. चर खोल असेल तर तीन मार्ग आहेत: नवी फ्लँज, चरावर चढवायची पातळ स्टीलची दुरुस्ती-स्लीव्ह, किंवा सील दीड-दोन मिलिमीटर कमी आत बसवून ओठ नव्या जागेवर आणणं. तिसरा मार्ग बिनखर्चाचा आहे आणि चांगला चालतो, फक्त सील बाहेर येऊन फ्लँजच्या धूळ-पत्र्याला घासत नाही ना, ते पाहून घ्या. जुन्या गाड्यांना नवी फ्लँज मिळत असेल तर मी तीच घेतो.

टप्पा ७: जुनं सील बाहेर

आधी व्हर्नियरने मोजा की जुनं सील हाउसिंगच्या तोंडापासून किती आत बसलं आहे. मग सीलच्या धातूच्या कडेला पंचने आत वाकवा आणि उपटून काढा. स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगच्या भिंतीवर टेकवून उचकटू नका. भिंतीवर उभी खरवड पडली की ऑइल सीलच्या बाहेरून येतं, आणि ती गळती शोधायला फार त्रास होतो.

सीलच्या मागे ऑइल अडवणारी पातळ चकती असू शकते. ती निघाली तर कुठलं तोंड कुठे होतं ते लक्षात ठेवून तशीच परत ठेवा. आतली जागा फडक्याने पुसा, फडक्याचे धागे बेअरिंगमध्ये राहू देऊ नका.

काढलेलं सील फेकण्याआधी नीट पाहा. ओठ कडक होऊन चिरला असेल तर वयाने गेलं. ओठ बाहेर पलटला असेल तर आतला दाब, म्हणजे ब्रीदर. एकाच बाजूला झिजला असेल तर पिनियन किंवा फ्लँज वाकडी फिरते आहे.

टप्पा ८: नवं सील आत

सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, ऑइलकडे. ओठामागच्या खोबणीत ग्रीस भरा. ग्रीस दोन कामं करतं: ठोकताना स्प्रिंग उडत नाही आणि पहिल्या काही फेऱ्यांत ओठ कोरडा घासत नाही. सीलची बाहेरची कड नुसत्या धातूची असेल तर तिला सीलंटचा अगदी पातळ हात द्या. रबर चढवलेली असेल तर थोडं ऑइल पुरे.

सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइपाचा तुकडा किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवून हलक्या हाताने, फिरवत फिरवत ठोका. हातोडी थेट सीलवर नको. दर तीन-चार ठोक्यांनी चारी बाजूंनी खोली मोजा. तिरकं गेलं तर पुढे ठोकून सरळ करायचा मोह टाळा, बाहेर काढा. पत्रा वाकलेला असेल तर ते सील गेलं, दुसरं आणा.

तपासा: बोट आत घालून स्प्रिंग जागेवर आहे का ते जाणवतं का पाहा.

टप्पा ९: फ्लँज, नट आणि ताणकाटा

फ्लँजच्या ओठ घासणाऱ्या भागावर गिअर ऑइल लावा. स्प्लाइनच्या (पिनियनवर फ्लँज बसते त्या उभ्या खाचांच्या) बाहेरच्या टोकाला, नटाच्या बाजूला, सीलंटचा पातळ थर द्या. ऑइल स्प्लाइनच्या चरांतून वाट काढत नटाखालून बाहेर येतं आणि लोक पुन्हा सीललाच दोष देतात. खुणा जुळवून फ्लँज सरळ आत सरकवा. ती ठोकून बसवू नका, त्या ठोक्यांनी बेअरिंगच्या रोलरचे ठसे उमटतात. शेवटचा भाग नटानेच ओढून घ्या.

नव्या नटाला थ्रेड लॉकर लावा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: पंचची खूण जुन्या नटावर होती. नव्या नटाचे आटे वेगळ्या ठिकाणी सुरू होतात, त्यामुळे फेऱ्यांची मोजणी आणि आट्यांची लांबी ही फक्त जवळ आल्याची सूचना. अंतिम शब्द ताणकाट्याचा. नवा नट मिळालाच नाही आणि जुना वापरावा लागला, तर तीनही खुणा एका रेषेत येतील तिथपर्यंत आणा आणि तरीही ताणकाट्याने खात्री करा.

क्रम असा:

१. फ्लँज पट्टीने धरून नट आवळत जा. पिनियनचा पुढे-मागे खेळ संपेपर्यंत सरळ जाऊ शकता.

२. खेळ संपला की पट्टी काढा, फ्लँज दहा फेऱ्या फिरवा, दोरी गुंडाळा, मोजा.

३. आकडा कमी असेल तर नट घड्याळाच्या मिनिट काट्याच्या एका मिनिटाएवढा, म्हणजे साधारण सहा अंश, पुढे न्या. पुन्हा फिरवा, पुन्हा मोजा.

४. मूळ आकडा आला की थांबा. फार तर पाव ते अर्धा किलो जास्त चालेल, कारण नवं सील जुन्यापेक्षा घट्ट धरतं.

आकडा बराच वेळ जागचा हलत नाही आणि मग एकदम वाढतो. शेवटी अर्ध्या मिनिटाएवढ्या हालचालीनेही काटा उडी मारतो. म्हणून घाई इथे महागात पडते.

सावधान: इम्पॅक्ट गनने हा नट आवळू नका, कुणाला आवळू देऊ नका. ओळखीतल्या एका गाडीचं सील असं गनने आवळून दिलं गेलं होतं. गळती थांबली म्हणून मालक खूश होता. चार महिन्यांनी आंबा घाट चढताना डिफरन्शियलमधून लांबलचक विव्हळण्याचा आवाज सुरू झाला. खोललं तेव्हा मी शेजारी होतो. पुढच्या बेअरिंगचे रोलर निळे-जांभळे पडले होते आणि पिंजऱ्याला हात लावला तर तुकडे हातात आले. क्राउन-पिनियनचा सेटही बदलावा लागला.

आकडा ओलांडून फार पुढे गेलात तर नट मागे घेऊन जुळवायचा प्रयत्न करू नका. नवा स्पेसर हाच उपाय, आणि तो लगेच करा.

बरोबर जागा मिळाली की नटाची कड पिनियनच्या खाचेत गोल टोकाच्या पंचने दाबा. छिन्नीने नको, कड फाटते.

टप्पा १०: जोडणी आणि ऑइल

शाफ्टच्या खुणा जुळवा, चारही बोल्ट हाताने लावून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. बोल्टांचे आटे आणि स्प्रिंग वॉशर थकलेले असतील तर बदला. ड्रम, चाकं लावा. साफ केलेला ब्रीदर परत बसवला ना, पाहा.

खालचा बूच लावा आणि गाडी जमिनीवर उतरवून सपाट करा. मागून उचललेल्या गाडीत भरलेलं माप चुकतं. भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला ऑइल लागून ओघळायला लागलं की थांबा, दहा मिनिटं वाट पाहा, खाली बसलं तर पुन्हा काठापर्यंत आणा. बूच लावा.

जुनं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळच्या मातीत ओतू नका. डब्यात भरून जवळच्या गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

टप्पा ११: चाचणी

पहिले दहा किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वेगाने, ओझं न घेता. उतरून पिनियनच्या नाकाला, म्हणजे सीलच्या मागच्या हाउसिंगला, आधी हात जवळ नेऊन आणि मग टेकवून पाहा. कोमट ते बऱ्यापैकी गरम ठीक आहे, हात ठेवता आला पाहिजे. हात चटकन मागे घ्यावा लागला तर दाब जास्त बसला आहे, गाडी चालवू नका.

आवाज ऐका. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर बदलणारी नवी रडारड ही दातांची किंवा पिनियनच्या बैठकीची तक्रार असते. वेगाबरोबर वाढणारी थरथर असेल तर शाफ्टच्या खुणा पुन्हा पाहा.

शंभर किलोमीटरनंतर तळाला जाऊन फडकं फिरवा. पहिल्या दिवशी सीलच्या ओठाजवळ ग्रीसची पुसट ओल दिसते, ती पुसून टाका. ती परत आली नाही तर सील धरलं आहे. पाचशे किलोमीटरला ऑइलची पातळी एकदा पाहा, आणि गाडी चिखलात किंवा पाण्यात जात असेल तर प्रत्येक पावसाळा संपल्यावर ब्रीदर काढून फुंका.